पुतळीचा हात लागलेलं लोखंड

“त्या लोखंडाला पुतळीचा हात लागलाय. ते घरात घेऊ नको, सुनयना.”

उंबऱ्याच्या आत उभी राहून रुक्मा म्हणाली. तिचे दोन्ही हात चौकटीला लावलेले होते. सुनयना हसली. तिने सासूचा एक हात हळूच बाजूला केला आणि नवऱ्याला म्हणाली, “आणा हो आत.” महाबळेश्वरने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मला उचलून पडवीत ठेवले.

मित्रांनो, ते लोखंड म्हणजे मी. मी एक जुनी केटलबेल आहे. लोखंडाचा गोळा आणि त्यावर एक जाड कडी, एवढेच माझे रूप. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या या जंगलात मी कशी आले, आणि माझ्या जवळून पाण्याच्या घागरी घेऊन जाणाऱ्या बायका वाट का बदलू लागल्या, ते तुम्हाला सांगायचे आहे. सांगताना मी मध्येच थांबले तर रागावू नका. काही आवाज माझ्यात अडकून राहिले आहेत.

माझा जन्म बेळगावातल्या एका फाउंड्रीत झाला. काळ्या वाळूच्या साच्यात पातळ, लालभडक लोखंड ओतले गेले आणि निवता निवता माझी मी झाले. मग मला काळा रंग फासला आणि दुकानात मांडून ठेवले. तिथे एकदा एका बाईने मला उचलून पाहिले. ती कंबरेतून मागे बसल्यासारखी झाली, पाठ फळीसारखी सरळ राहिली, आणि श्वास सोडत तिने मला पुढे झुलवले. मी झोपाळ्यासारखी वर गेले, खाली आले. माझे वजन तेवढेच होते, पण मला मी हलकी वाटले. आपला जन्म असा झुलण्यासाठी आहे, हे मला त्या दिवशी कळले. ती बाई दुसरीच केटलबेल घेऊन गेली.

मला विकत घेतले मारुती वस्तादाने.

मारुती मूळचा खानापूरकडचा. कुंभारवाडा या आमच्या गावात त्याची पिठाची गिरणी होती आणि गिरणीमागे पत्र्याची शेड. मनाने उमदा माणूस. तो वस्ताद कसा झाला, ते ऐकण्यासारखे आहे. देवळापुढे एक गोल, गुळगुळीत दगड पडलेला असे. त्याला गुंडा म्हणत. जत्रेला गावोगावची तरणी पोरे तो उचलायला येत. मारुतीने तो छातीशी कवटाळून खांद्यावर घेतला आणि त्याच दिवशी तो वस्ताद झाला. मग कुणाचा हात मुरगळला, चला वस्तादाकडे. कुणाला कुस्ती शिकायची, चला वस्तादाकडे. बैल लंगडला तरी वस्तादाकडे. ज्याने गुंडा उचलला त्याला सगळेच उचलता येते, आणि ज्याला उचलता येते त्याला शिकवताही येते, असा तिथे सगळ्यांचा समज होता. मारुतीचाही तोच समज होता.

मी शेडमध्ये आले तेव्हा गिरणीवर दळण घेऊन बसलेले लोक बघायला जमले.

“वस्ताद, किटली घेतलासा व्हय? पण तोटी कुठं हाय हिला?”

“दुकानदारानं फसवलं वस्ताद. च्या ओतायचा कुठनं?”

“तुझ्या डोक्यावर ओततो, ये जवळ,” मारुती म्हणाला, आणि सगळे हसले. मीही मनात हसले. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते.

आणि मग पुतळी आली.

पुतळी जवळच्या गुंद गावची. लखू नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. भाताचा भारा डोक्यावर घेऊन ती बांधावरून अशी चालायची की मागच्याला धावावे लागे. तिला जंगलखात्यात गार्ड व्हायचे होते. आपले जंगल आपल्याइतके कुणाला ठाऊक नाही, मग राखणीला बाहेरची माणसे का, असे ती म्हणायची. त्या भरतीला पळावे लागते, उडी मारावी लागते, गोळा फेकावा लागतो.

“वस्ताद, मला कंबरंत जोर पायजे,” ती म्हणाली.

“जोर पायजे? मग हिला धर,” मारुतीने माझ्याकडे बोट केले.

पुतळी माझ्याशी बोलायची. मला हात लावण्याआधी म्हणायची, “चल गो बाय, ऊठ. दोघी मिळून जाऊ.” तिच्या तळहातांना भात कापून कापून घट्टे पडले होते. ते घट्टे माझ्या कडीवर टेकले की मला बरे वाटायचे. कुणीतरी आपले नाव घेऊन हाक मारावी, तसे.

पण तिला शिकवले गेले ते गुंड्याचे. “पाठ वाकव. पोटाशी घे. दम कोंड. आता उचल!” मारुतीला जे येत होते ते त्याने मनापासून दिले. गुंडा असाच उचलतात हे खरे आहे. पण गुंडा वर्षातून एकदा उचलायचा असतो आणि तोही ज्याची हाडे त्याला सरावली आहेत त्याने. मला मात्र पुन्हा पुन्हा झुलवायचे असते. वाकलेल्या पाठीवर, कोंडलेल्या श्वासावर ती पोर मला रोज उचलत राहिली. तिच्या कण्यातून खाली उतरणारी थरथर मला कडीतून कळायची. मी लोखंड. मला सांगता येत नव्हते.

भाताची लावणी चालू होती. पुतळी शेतात दिवसभर वाकून लावणी करायची आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या बसने शेडमध्ये यायची. अशाच एका सकाळी तिने मला उचलले आणि आवाज आला. कट्.

तो बाहेर कुणाला ऐकू आला नाही. बाहेर गिरणीचा पट्टा फिरत होता. पण तो आवाज तिच्या हातातून माझ्या कडीत आला आणि कडीतून माझ्या पोटात उतरला. तिने मला खाली टाकले नाही. हळूच ठेवले. मग हसली.

“कायतर भरलं वस्ताद कंबरंत.”

“भरतंय तसं. दमाची हायस तू. उद्या मोकळं हुईल.”

ती दुसऱ्या दिवशी आली, कारण भरती जवळ आली होती. डावा पाय जमिनीला घासत आली. मला म्हणाली, “चल गो बाय,” आणि पुढचे बोललीच नाही. त्यानंतर ती आली नाही.

मित्रांनो, आता मी थोडी थांबते.

तिच्या घरच्यांनी देवाला कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या अंगाला फुले लावून प्रश्न विचारायचा. कोणत्या बाजूचे फूल गळते त्यावरून उत्तर समजायचे. उत्तर निघाले, पोरीला बाधा झाली आहे. लोखंडातून झाली आहे. पुढच्या जत्रेपर्यंत तिला मागच्या खोलीत ठेवा, बाहेरच्यांनी तिला भेटू नये. हे घरच्यांनी दुष्टपणाने केले नाही. त्यांना पोर बरी व्हायला हवी होती.

मारुतीने शेडला कडी घातली. मी आत अंधारात राहिले. शेडच्या दारात कुणीतरी उतारा ठेवून गेले. भात, लिंबू, कुंकू. पत्रा उन्हाने तापला की तडतडायचा आणि बाहेरून जाणाऱ्या पोरी किंचाळून पळायच्या, “पुतळीचं लोखंड वाजलं!” मी वाजत नव्हते. पण तुम्हाला खरे सांगते, त्या शेडमध्ये मी एकटीही नव्हते. दुपारी सगळे सामसूम झाले की एक कोंडलेला श्वास माझ्याभोवती घुटमळायचा. घेतलेला आणि न सोडलेला. तो सुटावा म्हणून मी वाट बघत राहायचे.

सुनयनाच्या घरी मी आले ती अशी, बंद शेडच्या ओलीत गंजून, बाहेर काढताना दारातल्या उताऱ्याचे कुंकू लागून.

सुनयनाचे पहिले बाळंतपण होऊन थोडेच महिने झाले होते. मुलीचे नाव मयूरी. सुनयना दांडेलीला कॉलेज शिकलेली, बी.ए. झालेली. सतत सावध असायची. मयूरी झोपली तरी तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची, आणि जागी असली तर ही रडत का नाही म्हणून बघायची. बाळंतपणानंतर तिची कंबर धरून राहिली होती. मुलीला पाळण्यातून उचलताना हात थरथरायचे. एकदा उचलता उचलता ती मध्येच अडकली, ना खाली ना वर, आणि मयूरी तिच्या हातांत लोंबकळत राहिली. महाबळेश्वर धावला म्हणून बरे. त्या दिवसापासून सुनयनाच्या मनात एकच भीती बसली, माझ्या हातून माझी पोर पडेल.

दांडेलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात ताकद आणायला हवी. वजन उचलायला शिका, केटलबेल चांगली. पण शिकवणारे माणूस नीट शिकलेले बघा, आणि बाळंतपण झालेल्या बायकांना शिकवलेले बघा.

यातले पहिले घरात सगळ्यांनी ऐकले. दुसरे वाऱ्यावर गेले. केटलबेल? ती वस्तादाकडे आहेच. शिकवणारा? वस्ताद आहेच.

तेव्हा रुक्मा चौकट अडवून उभी राहिली.

“आत्ती, लोखंडाला कसली बाधा? मी शिकलेली हाय.”

“तू बी.ए. झालीस. ते लोखंड झालं न्हाई.”

“सगळी अंधश्रद्धा हो ती.”

“अंधश्रद्धा म्हण न्हाईतर काय म्हण. चालती पोर आडवी पडली. मी एवढंच बघितलं.”

सुनयनाने यातला ‘बाधा’ हा शब्द ऐकला आणि हसली. ‘चालती पोर आडवी पडली’ हे तिच्या कानावरून गेले. माझ्या मते तिथेच सगळे चुकले. गावाने दुखण्याला भुताचे कपडे घातले होते. शिकलेल्या बाईने भूत नाकारले आणि त्याबरोबर दुखणेही नाकारले.

मारुती सकाळी अंगणात आला. बऱ्याच दिवसांनी कुणी शिकायला बोलावले म्हणून तो खूश होता. “वैनी, भ्यायचं न्हाई. पाठ वाकवा. पोटाशी घ्या. दम कोंडा.”

मला वाटले, मी ओरडावे. सुनयनाचे मऊ हात माझ्या कडीवर आले आणि त्यांच्या खाली मला दुसरे हात जाणवले, घट्टे पडलेले. तोच वाकलेला कणा. तोच कोंडलेला श्वास. माझ्या पोटातला तो ‘कट्’ उठून बसला आणि वाट पाहू लागला.

सुनयनाने मला वीतभर उचलले आणि तिथेच सोडले. तिचा चेहरा उतरला होता. काहीतरी झाले होते, जे पुरुषांपुढे सांगता येत नाही. तिने पदर पुढे ओढला आणि विचारले,

“वस्ताद, पुतळीलाबी असंच शिकवलंसा?”

“व्हय की. लई दमाची पोर.”

“मग तिला झालं काय?”

“बाधा.”

“त्याच्या आधी?”

“आधी म्हंजे?”

“बाधा व्हायच्या आधी काय दुखत होतं तिचं?”

मारुतीने मान खाजवली. कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाला, “कंबर म्हणाली हुती. पायात मुंग्या म्हणाली. पण ते कौलाच्या आधीचं, वैनी. ते धरायचं न्हाई.”

 घरात जाऊन सुनयनाने सासूला विचारले, “पुतळीला दवाखान्यात दाखवलं असंल न्हवं, आत्ती?” रुक्मा म्हणाली, “दाखवलं असंल की. घरचे हायत तिचे.” सुनयनाला तेवढे पुरले. आपले लहान मूल घरात असले की दुसऱ्यांची काळजी ‘घरचे बघत असतील’ म्हणून बाजूला ठेवता येते. पण त्या दिवसापासून तिने मला हात लावला नाही. माझ्यावर जुने पोते टाकले. पोत्यावरून सुद्धा तिची नजर माझ्याकडे यायची आणि चटकन वळायची.

मग तिने शिकवणाऱ्याचा शोध सुरू केला. कुंभारवाड्यात फोनला रेंज यायची ती पडवीच्या एका कोपऱ्यात, म्हणजे माझ्या शेजारी. त्यामुळे तो सगळा शोध मी ऐकला.

“तुम्ही शिकलाय का हो केटलबेल कुणाकडून?”

“शिकलाय म्हंजे? सर्टिफिकेट हाय मॅडम. लॅमिनेशन करून भिंतीवर लावलंय.”

“कशाचं आहे?”

“झुंबाचं.”

दुसरा म्हणाला, शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केला आहे, तुम्ही पैसे भरून मोकळ्या व्हा. तिसरा म्हणाला, “बाळंतपण झालंय? काही फरक पडत नाही, सगळ्यांना एकच.” सुनयनाने फोन ठेवला आणि बराच वेळ मयूरीच्या पाठीवर हात फिरवत बसली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच बेळगावातल्या विमलचा नंबर दिला. तिचे बोलणे निराळे होते. तिने काहीच सांगितले नाही, नुसते विचारले. बाळ किती महिन्यांचे? टाके पडले होते का? शिंकताना, खोकताना काय होते?  सुनयना इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “कपडे ओले होतात.” आणि रडू लागली. पलीकडून विमल म्हणाली, “होतं तसं, सुनयना. त्यावर इलाज आहे. या. घरात जी केटलबेल आहे ती घेऊन या, बघू तरी.”

अशी मी बसमध्ये बसले. महाबळेश्वरने मला भाताच्या पोत्यात घातले होते. कंडक्टरला पोते पायाने हलेना.

“एन इदु? काय हाय ह्यात?”

“बायकोचा व्यायाम.”

“मग बायकोला उचलाय सांग की! तू का उचलतोस?”

सगळी बस हसली. मयूरीसुद्धा हसली. सुनयना खिडकीबाहेर बघत होती.

विमलचा हॉल एका दुकानाच्या माडीवर होता. ती फिजिओथेरपी शिकलेली होती आणि त्यानंतर तिने केटलबेलचे वेगळे शिक्षण घेतले होते. सुनयनाने चाचरत विचारले, “तुम्ही कुणाकडे...”

“विचारा, विचारा,” विमल म्हणाली. “कुणाकडे शिकले, परीक्षा कुणी घेतली, बाळंतपण झालेल्या किती बायकांना शिकवलंय, कुणाला दुखलं तर मी काय करते. विचारलेलं मला आवडतं. न विचारणाऱ्यांची मला भीती वाटते.”

तिने मला पोत्यातून काढले, फिरवून बघितले आणि भिंतीशी ठेवले. “ही अजून तुमची नाही.” मला वाईट वाटले नाही. उलट बरे वाटले. मला इतक्या काळजीने कुणी नाकारले नव्हते.

तिने सुनयनाला आधी उताणे झोपवले आणि नुसता श्वास घ्यायला लावला. पोट चाचपून बघितले. मग एक झाडूची काठी तिच्या पाठीला लावली. डोके, पाठ आणि माकडहाड काठीला चिकटलेले राहतील असे कंबरेतून मागे सरकायला शिकवले. काठी सुटली की पुन्हा. शेवटी एक इवलीशी केटलबेल हातात दिली. सुनयनाने ती उचलली. उचलताना तिने श्वास कोंडला.

“थांबा. हे कुणी शिकवलं?”

“वस्तादांनी.” आणि मग सुनयनाच्या तोंडून पुतळीचे सगळेच बाहेर पडले, भरती, कंबर, मुंग्या, कौल.

विमलने हातातली काठी खाली ठेवली. “ती मुलगी आता कशी आहे?”

“लोक म्हणतात...”

“लोक नाही. ती. तुम्ही गेला होता?”

सुनयना मयूरीकडे बघत राहिली. “घरचे बघत असतील.”

“असतीलही. पण तिला विचारायला हवं. पाय ओढतेय का? बसायच्या जागी बधिर लागतंय का? लघवी झालेली कळते का? हे शेवटचं बिघडलं असेल तर कण्यातल्या नसा दबल्यात असं समजायचं. तेव्हा आजच दवाखाना. उद्या नाही.”

हॉलमध्ये पंखा फिरत होता. मला गिरणीचा पट्टा ऐकू आला.

सुनयनाने तिथूनच लखूला फोन लावला. गुंदला रेंज नव्हती. तिने मारुतीला लावला. “वस्ताद, कुणाचीतरी जीप घेऊन रामनगरच्या स्टँडवर या. आम्हाला गुंदला जायचंय.”

“कौल झालाय, वैनी. जत्रेपतोर कुणी जायचं न्हाई.”

“तुम्ही दारात थांबा. मी आत जाते. काय व्हायचं ते मला होऊ दे.”

परतीच्या बसमध्ये, मी पुन्हा पोत्यात असताना, वस्तादाकडून कळून रुक्माचाही फोन आला. तिचा आवाज पोत्यातून मला ऐकू आला, “लेकराला घेऊन त्या घरात? अगो, तुला आई म्हणायचं का काय?” सुनयनाने फोन बंद केला. जीपमध्ये ती मयूरीला इतकी घट्ट धरून बसली होती की पोर कुरकुरू लागली. जंगलाची वाट, दोन्ही बाजूंनी झाडी, आणि ऊन उतरत चाललेले. जी बाई रुक्माच्या सांगण्याला हसली होती, ती आता प्रत्येक वळणाला पोरीच्या नाकापुढे बोट धरत होती.

लखूचे घर उतारावर होते. मागच्या खोलीची भिंत कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. महाबळेश्वरने कुणाला झोपवावे लागलेच तर म्हणून जीपची मागची बाजू रिकामी केली आणि माझे पोते त्या कुडाशी आणून ठेवले. कुडातून सगळे ऐकू येत होते. आणि मित्रांनो, मला आधी तोच श्वास ऐकू आला. शेडमधला. घेतलेला आणि न सोडलेला. शेडमधून तो कधीच गेला होता. तो इथे होता.

“आत जाऊ नगो, बाय,” लखू म्हणाला. “देवाचा शबूद हाय.”

सुनयना दाराशी थबकली. फार वेळ थबकली. मग तिने मयूरीला नवऱ्याच्या कुशीत दिले आणि म्हणाली, “मामा, शबूद मोडत न्हाई. मला तिला फक्त इचारायचंय.” आणि वाकून आत गेली.

“कोण?” आतून आवाज आला. मी तो ओळखला नसता.

“मी सुनयना. कुंभारवाड्याची. महाबळेश्वरची बायको.”

“इकडं का आलीस? कुणी येत न्हाई इकडं.”

“पुतळे, मला एक सांग. पाय कसा हाय?”

“डावा गेलाच की. उजव्यातबी मुंग्या येत्यात आता.”

“आणि... लघवीला कळतंय का तुला?”

 पुतळी इतक्या बारीक आवाजात बोलली की फक्त सुनयनाला आणि मला ऐकू आले.

“काल सकाळपासनं कळंना झालंय. आईला सांगितलं न्हाई. लाज वाटती गो.”

आणि तिने श्वास सोडला. तो लांबलचक होता. माझ्यावरचे पोते त्याने हललेसे वाटले.

त्यानंतर सगळी धावाधाव झाली. सुनयना बाहेर येऊन लखूला म्हणाली, “मामा, बाधा असंल तर ती जत्रेपतोर थांबंल. हे थांबणार न्हाई.” लखूने देवाच्या दिशेने हात जोडले आणि बाजूला झाला. मारुती जीपमधून उतरला होता. त्याने सगळे ऐकले होते. तो आत घुसला आणि पुतळीला छातीशी कवटाळून उचलण्यासाठी वाकला, जसा तो गुंड्याला वाकायचा.

“वस्ताद, हात लावू नका!” सुनयना ओरडली. “तिला दगडागत उचलायचं न्हाई!”

तो आवाज मारुतीच्या पाठीत बसला असावा. तो तसाच वाकलेला राहिला. मग म्हणाला, “मग कसं? सांगा. तसं करतो.”

सुनयनाने पडवीतले लांब बाकडे आणवले. पुतळीला न वाकवता, सगळ्यांनी मिळून त्यावर सरकवले. जीप निघाली. त्या गडबडीत मी कुडाशी तशीच राहिले.

पुढचे मी पाहिले नाही, ऐकले. मोठ्या दवाखान्यात तिचे ऑपरेशन झाले. आणखी उशीर झाला असता तर ती कायमची खाटेला राहिली असती, असे तिथले डॉक्टर म्हणाले. पुतळी आता काठी घेऊन उभी राहते. लघवीचे कळते. डावे पाऊल अजून घासते. भरती होऊन गेली. गार्ड म्हणून जी माणसे आली आहेत त्यांना ती अंगणातून जाताना बघते आणि मग आत जाते.

सुनयना विमलकडे जाते, मयूरीला पाळण्यातून न थरथरता उचलते. पण हातात लोखंड घेतले की क्षणभर तिचे डोळे कुठेतरी लांब जातात. मारुती शेड उघडत नाही. कुणी पोराला घेऊन आले की म्हणतो, “मला दगड येतो. येवढंच येतं. बाकीचं शिकलेल्याला इचारा.” लोक हसतात. तो हसत नाही.

मी अजून लखूच्या घरीच आहे. मला कुणी न्यायला आले नाही आणि कुणी फेकूनही दिले नाही. दुपारी घर शांत असले की पुतळी काठी टेकत येते, माझ्या कडीवर हात ठेवते. उचलत नाही. आम्ही दोघी तो जुना ‘कट्’ ऐकतो. तो माझ्यातून जाणार नाही, हे मला कळले आहे.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्या कुणाला उचलायला जाल तेव्हा आधी शिकवणाऱ्याला विचारा, तू कुणाकडे शिकलास? विचारल्यावर जो रागावेल त्याच्याकडून उठून या. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या वाडीत, तुमच्या गल्लीत कुणीतरी असेल. कालपरवापर्यंत चालतेबोलते होते आणि आता दिसत नाही. त्याच्याबद्दल काहीतरी बोलले जाते, आणि घरचे बघत असतील असे सगळ्यांना वाटते. त्याच्या दारात जा. लोक काय म्हणतात ते सोडा, त्यालाच विचारा, तुला काय दुखतंय? लाजेने ते खोटे बोलेल. मग पुन्हा विचारा.

मी लोखंड आहे. कुणी उचलल्याशिवाय मला जागचे हलता येत नाही. तुम्हाला येते. दिवे लागायच्या आत जाऊन या.